सफरचंदांच्या शेजारी

मुलीच्या लग्नात फळवाल्याच्या वाट्याला एकच काम आलं होतं, तेही त्याने मागून घेतलेलं. गुलाब सांभाळायचे.

हॉल सजवायचं मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी अंगावर घेतलं होतं. फुलं आदल्या दिवशी येणार होती आणि ऊन असं की टेबलावरचं लोणी वितळावं. "मग माझी थंड खोली काय शोभेला आहे?" तो म्हणाला.

मुलगी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. लग्न ठरलं तेव्हा याच माणसाने मुलाच्या आईवडिलांसमोर, "हे वर्षभर टिकलं तरी पुष्कळ," असं सुनावलं होतं. पुढे तो निवळला. होणाऱ्या जावयाला हाक मारून चहा विचारू लागला. पण ते वाक्य त्याने परत घेतलं नव्हतं. माफी मागणं हा त्याचा प्रांत नव्हता. गुलाब सांभाळणं जमण्यासारखं होतं.

"ठेवा," ती म्हणाली. "पण बाबा, नीट हं."

त्याने नीटच ठेवले. बादल्या साबणाने घासल्या. खालची पानं खुडली, देठ तिरके कापले, पाणी भरलं. काट्यांनी बोटांची चाळण झाली तरी हूं की चूं केलं नाही. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, या पेट्या तेवढ्या बाहेर काढा. फुलांना मोकळं होईल."

"सफरचंदं आहेत ती. या उन्हात दुपारपर्यंत पिठूळ होतील."

"होऊ देत की! मुलगी एकदाच लग्न करणार आहे. तुमच्या मते दोनदा असेल तर गोष्ट वेगळी."

टोमणा वर्मी लागला. त्याने पेट्या एका भिंतीशी सरकवल्या, मध्ये ताडपत्री बांधली आणि दार लावून घेतलं.

सकाळी मुलगी टेम्पो घेऊन आली. त्याने ऐटीत दार उघडलं. आधी आला तो सफरचंदांचा गोड, दाट वास. मग फुलं दिसली. काही गुलाबांनी माना टाकल्या होत्या, काही नको तेवढे उमलले होते. तिने एक देठ उचलला तर पाकळ्या पायांवर सांडल्या.

ती ताडपत्रीपाशी गेली, कड उचलून पलीकडे पाहिलं. सफरचंदं टणक होती, तुकतुकीत होती. एकालाही डाग नव्हता.

"कच्ची केळी पिकवायची तर त्यांत एक सफरचंद ठेवायचं," ती हळू म्हणाली. "दुकानात मला स्टुलावर बसवून तुम्हीच दाखवलं होतंत. त्याची हवा लागते म्हणून."

जन्मभर तो याच हवेवर धंदा करत आला होता. कोणतं फळ कोणाशेजारी ठेवायचं नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. तीच हवा फुलांनाही कोमेजवते, हा विचार मात्र त्याच्या मनाला शिवला नव्हता. रात्रभर माल तेवढा सुरक्षित राहिला होता.

"मुद्दाम नाही गं केलं," तो म्हणाला.

ती चटकन वळली. "मुद्दाम? मी कुठे म्हटलं?"

तो शब्द त्यानेच काढला होता. आता तो दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला दिसलं की हा विचार तिला आत्ता, पहिल्यांदाच शिवला. तिने तो झटकला. पण झटकायला तिला थोडा वेळ लागला.

"माहीत आहे, बाबा. पाकळ्या पाण्यात तरंगत ठेवू. वाईट नाही दिसणार."

निभण्यासारखी फुलं निवडून तिने टेम्पोत चढवली. तो मदतीला पुढे झाला तर म्हणाली, "राहू द्या, तुमची बोटं सोललीत." स्वर मऊ होता. पाहुण्याशी बोलावं तसा.

टेम्पो गेल्यावर तो खोलीत परतला आणि पेट्या उचलून बाहेर उन्हात मांडू लागला. एकेक करून, भिंत रिकामी होईपर्यंत.

बायको नवी साडी नेसून त्याला बोलवायला आली आणि दारातच थांबली. "हे काय? आता कशाला? वरातीमागून घोडं!"

त्याने शेवटची पेटी उन्हात ठेवली आणि झाकणही काढून टाकलं.