बाक मोडण्याची गोष्ट

आमचे धाकटे दीर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. माणूस वाईट नाही, पण गप्प बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

ह्यांच्या फर्निचरच्या कारखान्याचं दिवाळं निघालं, तेव्हा नातेवाइकांनी आमच्याकडे पाठ फिरवली. भावजी तेवढे राहायला आले, हे मान्य करायला हवं. जप्तीचे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. यंत्रं जाणार, लाकूड जाणार, हे मी केव्हाच पचवलं होतं. माझा जीव अडकला होता तो ह्यांच्या कामाच्या बाकात. कमरेइतका उंच, जाड फळीचा, एका टोकाला लाकूड आवळून धरायचा शिकंजा. सासऱ्यांनी स्वतः घडवलेला. तो आणि हातातली हत्यारं राहिली असती, तर मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून का होईना, आम्ही परत उभे राहिलो असतो. त्यासाठी साहेबांच्या पाया पडायचीही माझी तयारी होती.

संध्याकाळी मी कारखान्यातच चहा नेला. हे बाकाला टेकून उभे, तोंडातून शब्द नाही. भावजींना काही ते सोसेना.

"दादा, बँकरप्ट हा शब्द कुठून आला, माहितीये?"

"नाही रे."

"इटलीतून. तिथले सराफ बाजारात बाक टाकून बसायचे. बँक म्हणजे मुळात तो बाकच. एखादा बुडाला की लोक येऊन त्याचा बाक मोडायचे. मोडका बाक, म्हणून बँकरप्ट. पुन्हा तिथे बसायचं नावच नको!"

"सगळ्यांसमोर मोडायचे?"

"भर बाजारात. गंमत आहे की नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावजी, चहा झाला असेल तर कप द्या इकडे," मी म्हटलं.

हे बाकावरून हात फिरवत होते. "आणि त्याने स्वतःच मोडला तर?"

भावजी हसले. "मग अब्रू तरी राखली म्हणायची!"

सकाळी मी आंघोळीला गेले आणि कारखान्यातून घाव ऐकू आले. ओल्या केसांनीच धावले. बाकाचे तुकडे झाले होते आणि हे कुऱ्हाड टेकून घामाने निथळत उभे होते.

"परक्याचा हात लागू दिला नाही," म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. मला रडूही येईना.

साहेब आले, यंत्रांवर चिठ्ठ्या चिकटवत फिरले आणि तुकड्यांपाशी थबकले.

"हा कुणी मोडला?"

"मी," हे ताठ मानेने म्हणाले.

"अहो, कशाला? कारागिराचं पोट ज्यावर चालतं, ते आम्ही नेत नाही. हत्यारं, बाक, सगळं तुमच्याकडेच राहणार होतं. कायदाच आहे तसा."

हे खाली बसून बाकाचे तुकडे एकमेकांना जुळवून पाहायला लागले.

भावजी चष्मा पुसायला लागले. "तसा त्या गोष्टीला पक्का पुरावा नाहीये म्हणा. बाक खरंच मोडायचे, की नुसतं तसं म्हणायचे, यावर अभ्यासकांचं एकमत..."

मी बाकाचा तुटका पाय उचलला. त्यांना वाटलं, वहिनी आता घालते टाळक्यात. मलाही वाटलं होतं. पण मी तो त्यांच्या हातात दिला.

"घेऊन जा, भावजी. हा घ्या पुरावा."

मागे हे एकेक हत्यार पुसून जमिनीवर मांडत होते. ठेवायला दुसरी जागाच नव्हती.