फ्लेक्सवरचे अठ्ठ्याण्णव

आमच्या अंगणातले सुके बोंबील रोज संध्याकाळी माझ्या तोंडाखाली झोपतात.

थट्टा नाही. मी दहावी झाले तेव्हा आमच्या मुरबे गावच्या नाक्यावर माझा दहा फुटी फ्लेक्स लागला होता. हातात गुच्छ, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली माझ्या डोक्याएवढ्या आकड्यांत : गणितात १०० पैकी ९८. पुढे वाऱ्याने तो एका कोपऱ्यात फाटला तेव्हा बाबांनी उतरवून घरी आणला. दिवाळीनंतर दव पडायला लागलं की वाळत घातलेलं म्हावरं संध्याकाळी झाकावं लागतं, नाहीतर ओल धरून वाया जातं. लोकांकडे त्यासाठी ताडपत्री असते, आमच्याकडे मी आहे. बाबा मला तोंड वर करून पसरायचे, कडेने दगड ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणायचे, "हंसे, पोरीच्या नाकावर दगड नको ठेवू."

लोक हसायचे. मी घरात निघून जायचे.

कारण तो पेपर मी कधी लिहिलाच नव्हता. माझी दहावी म्हणजे कोरोनाचं वर्ष. शाळा फोनवर, आणि घरात फोन एकच. बाबा बोटीवर गेले की फोनही बोटीवर जायचा. बाबा आठ दिवस समुद्रात म्हणजे माझी शाळाही आठ दिवस समुद्रात. शेवटी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली आणि शाळेने नववीचे गुण, तोंडी परीक्षा, गृहपाठ असं सगळं जोडून निकाल लावला. मला अठ्ठ्याण्णव कसे पडले ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. फुकट आलेलं म्हावरं कुठून आलं असं कोण विचारतं?

अकरावी अशीच अर्धी घरी, अर्धी वर्गात उरकली. बारावीत मात्र बोईसरच्या कॉलेजात रोज जायचं होतं आणि बोर्डाची परीक्षा यंदा खरीखुरी होणार होती. तिथल्या सरांनी फळ्यावर पहिल्यांदा इंटिग्रेशनचं चिन्ह काढलं तेव्हा मला ते अर्धवट सरळ केलेल्या गळासारखं दिसलं. तेव्हापासून ते माझ्या घशात अडकलं आहे. सर एक ओळ लिहायचे, दुसरी लिहायचे, मग म्हणायचे, "इथे नुसते फॅक्टर पाडा, हे तुम्हाला येतंच." साठ माना हलायच्या. मीही हलवायचे. माझी मान फार छान हलते.

सहामाहीत मला पन्नासपैकी सहा पडले. पेपरावर पालकांची सही हवी होती. तो पेपर मी पुस्तकाच्या कव्हरात सारला आणि बारा दिवस तसाच घेऊन हिंडले. एसटीत दप्तर मांडीवर घेऊन बसायचे, कुणी चुकून पुस्तक उघडेल म्हणून. जेवताना बाबांनी माझं नाव घेतलं की मी ताट घेऊन उठायचे. ओरड्याची मला भीती नव्हती, बाबा ओरडत नाहीत. भीती त्यांच्या आनंदाची होती. बोटीचं इंजिन बिघडलं की मेकॅनिकची वाट बघत बसायचं आणि वर म्हणायचं, "थांबा दोन-चार वर्सं, माजी पोर इंजिनच बनवेल." असल्या माणसासमोर सहा मार्क ठेवायचे कसे?

त्यातच किंजल आली.

किंजल म्हणजे शेजारच्या मंजुळाकाकीची मुलगी, दहावीत. वही पुढे करून म्हणाली, "भाविकाताई, उद्या चाचणी हाय. ह्ये येवडं सांग ना."

२x² + ५x − ३ = ०. साधं वर्गसमीकरण. दरवाजात काकी उभी होती, चुलीपाशी आई, आणि बाहेर बोंबलांवर मी, अठ्ठ्याण्णववाली. येत नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"सोपं आहे गं." मी कुठूनतरी दोन कंस आठवले, त्यात आकडे बसवले, अधिक-उणे अंदाजाने टाकले. "उत्तर तीन आणि उणे एक छेद दोन."

"उलट करून बगायचं ना? सर म्हनतात, उत्तर घालून बगा."

"मी सांगते ना."

तिने ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि त्याच पद्धतीने आणखी चार सोडवली. काकी म्हणाली, "हिच्यासारखं डोस्कं पायजे." ती गेल्यावर मी उत्तर घालून पाहिलं. तीन घातले तर तीस आले. शून्य यायला हवं होतं. धावत जाऊन सांगायला हवं होतं, घर दहा पावलांवर होतं. मी गेले नाही. हे लिहितानाही मला माझा राग येतो.

तिसऱ्या दिवशी किंजल रडून लाल झालेले डोळे घेऊन आली. पाचही गणितं चूक. पण रडण्याचं कारण वेगळंच होतं.

"सर म्हनाले चूक हाय. मी म्हनलं, नाय, तुमचंच चुकलं असेल, भाविकाताईला अठ्ठ्याण्णव हायेत. सगला वर्ग हसला. मंग सर काय बोललेच नाय." तिने डोळे पुसले. "ताई, तू चल ना. तू सांग त्यांना."

तिला अजूनही सरच चुकले असं वाटत होतं.

सर म्हणजे कृष्णकांत सर. गावाबाहेर त्यांची चिकूची वाडी आहे, आणि ओटीवर ते सकाळी दहावीची शिकवणी घेतात. मलाही शाळेत त्यांनीच गणित शिकवलं होतं, म्हणजे फोनवर, अधूनमधून. किंजलला मी घरी पाठवलं आणि एकटीच गेले. वाटेत दोनदा मागे वळले. सरांना कळलं म्हणजे गावाला कळलं, गावाला कळलं म्हणजे बाबांना. पण न जावं तर किंजल सगळीकडे माझी बाजू घेऊन भांडत सुटणार आणि स्वतःचं हसं करून घेणार.

सर ओटीवर चिकू निवडत होते. मी पेपर पुढे केला. पन्नासपैकी सहा. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ एकेक पान बघत राहिले.

"तुझं इंटिग्रेशन चुकलेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "हे बघ, इथे अवयव पाडता आले नाहीत. इथेही तेच. आणि इथे त्रिकोणमिती. बारावीत तू अजून पोचलीच नाहीस, पोरी. तू दहावीत अडकलीस."

"दहावी झालीच नाही, सर."

"ठाऊक आहे." त्यांनी चष्मा काढला. "नियमाने बेरीज करून तुझे त्र्याऐंशी होत होते. तोंडीचे, गृहपाठाचे माझ्या हातात होते. म्हटलं, पोरांचं वर्ष तर गेलंच, निदान कागद तरी बरा मिळू दे. सगळ्यांनाच सढळ हाताने दिले. मग नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला. तो होता तोवर मी दुधालासुद्धा पलीकडच्या वाटेने जायचो."

मला हसू यायला हवं होतं, पण मी घाबरले. इतका मोठा माणूस माझ्याच तोंडाला भीत होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"परीक्षेला साडेतीन महिने आहेत. सगळं भरून येईल असं वचन मी देणार नाही, एकदा खोटे मार्क दिलेत तेवढे पुरे. उद्यापासून सकाळी साडेसहाला ये. दहावीच्या मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसायचं. आणि किंजलला तू स्वतः सांगायचं." त्यांनी हातातला चिकू टोपलीत ठेवला. "पण आधी तुझ्या बापाला, दामूला सांग. मी येऊ का बरोबर?"

हे विचारताना त्यांचा आवाज असा काही कापला की मीच म्हटलं, नको.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई बाजारातून यायची होती. बाबा बोंबील सारखे करून फ्लेक्सची घडी उलगडत होते. मी पेपर काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"ह्ये काय?"

"गणिताचा पेपर. पन्नासात सहा."

ते आकड्याकडे बघत राहिले. मग घडीतून डोकावणाऱ्या दुसऱ्या आकड्याकडे.

"आनि ह्ये?"

"ते माझे नाहीत, बाबा. ती परीक्षा झालीच नव्हती. सर्वांना तसेच दिले होते. सर म्हणतात, मला पुन्हा दहावीच्या मुलांत बसावं लागेल. बाबा, मला यातलं काही येत नाही. मला फार भीती वाटते."

एका दमात बोलले आणि रडायला लागले. समुद्रात वारा फिरला की बाबांचा चेहरा होतो तसा झाला होता. मग इकडेतिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "ते मार्क परत घेतील काय?"

"नाही. परत नाही घेत."

"कोन ईल काय घरी विचाराया?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. माझ्यासारखीच, काही न कळता. खिशातलं पेन काढून दगडावर कागद ठेवून सहाच्या खाली सही केली. मग फ्लेक्सची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. रोजच्यासारखा तो वर फुगला, पण खाली येताना त्यांनी तो फिरवला. पांढरी पाठ वर आली आणि माझं तोंड, गुच्छ, अठ्ठ्याण्णव सगळं बोंबलांवर पालथं पडलं.

लाज वाटली त्यांना, मला वाटलं. आता हे कायम असंच राहणार.

बाबांनी एकेक दगड ठेवला. शेवटचा ठेवून हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता कोन बगनार नाय. जा तू दहावीत बसाया."