निवटी डॉट खाडी

जानेवारी १९९९ मध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला. अप्लाइड फिजिक्समध्ये माझ्या वर्गातल्या बासष्टपैकी अडतीस मुलांना केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि परीक्षा पुन्हा द्यायची. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"क्षिप्रा मॅडम, तुमची नेमणूक तात्पुरती आहे," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये बघू."

"काय बघू, सर?"

"ठेवायचं की नाही ते."

हे सांगताना ते उठून पंख्याचा वेग एकाने कमी करत होते.

माझं काय चुकतंय ते शोधायला माझ्याकडे तीन महिने होते. मी मुलांनी भरलेले अभिप्रायाचे फॉर्म काढले. ते फॉर्म मुलं माझ्यासमोर बसून भरतात आणि माझ्याच हातात देतात. बासष्ट जणांनी माझं शिकवणं 'अतिउत्तम' ठरवलं होतं. एकाने खाली लिहिलं होतं, मॅडमचं अक्षर सुंदर आहे. प्रत्येक वस्तूचं वजन सारखंच दाखवणारा तराजू दुरुस्तीला पाठवतात. इथे तशी सोय नव्हती.

कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मुलांनी एका जुन्या मशीनवर गप्पांचा सर्व्हर चालवलेला होता, हे मला माहीत होतं. कोणतंही नाव घ्यायचं, आत जायचं आणि टाइप करायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. इथे मी ते सरळ करून लिहिते आहे. फिजिक्स विभागातही एक कॉम्प्युटर होता. विभागप्रमुख त्याला हात लावत नसत, त्याचं कव्हर खराब होईल म्हणून. एका दुपारी मी कव्हर काढलं, 'पेन्सिल' हे नाव घेतलं आणि आत गेले.

पडद्यावर ओळ उमटली: पेन्सिल आली आहे. आणि लगेच पुढे कंसात: फिजिक्स-स्टाफ-१.

मी मशीनच बंद केलं.

सगळ्या मशीनना नावं दिली होती कॉम्प्युटर सेंटरच्या श्यामसुंदर सरांनी. कॉलेजात खुर्चीपासून बीकरपर्यंत प्रत्येक वस्तूवर डेडस्टॉक रजिस्टरातला नंबर रंगवलेला असतो. तपासणी आली की वस्तू शोधायला सोपं. सरांनी तोच नियम नेटवर्कला लावला होता. कोण कुठून बोलतंय ते नावापुढे आपोआप दिसायचं.

"सर, आमच्या मशीनचं नाव बदलता येईल का?" मी विचारलं.

"येईल की. अर्ज करा, कारण लिहा, प्राचार्यांची सही आणा. मग रजिस्टरात खोडून तांबड्या शाईने नवीन नाव."

"कारण लिहायलाच हवं?"

"कारणाशिवाय तांबडी शाई मिळत नाही, मॅडम."

मी अर्ज केला नाही. दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरची माहितीची फाइल शांतपणे वाचून काढली. त्यात एक ओळ होती: ज्यांना मशीनचं नाव झाकायचंय त्यांनी चिंबोरीला सांगावं. चिंबोरी म्हणजे खेकडा, आणि या नावाने सर्व्हर सांभाळणारं कोणी तरी होतं. मी तिथल्या तिथे खासगी निरोप पाठवला.

"कशाला झाकायचंय?" चिंबोरीने विचारलं.

"खासगी कारण आहे."

"सगळ्यांचं तेच असतं."

मिनिटभरात माझ्या नावापुढचं फिजिक्स-स्टाफ-१ गेलं आणि तिथे आलं 'निवटी.खाडी'. चिंबोरी मुखवटे म्हणून खाडीतले मासे वाटत असे. कोणी बोईट होतं, कोणी कोळंबी. निवटी हा चिखलात राहणारा मासा. मी गोरेगावची. मला तो माहीत नव्हता, विचारून घ्यावा लागला.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. सगळ्यांपासून नाव लपवायचं तर एकाला ते सांगावंच लागतं. तो एक कोण, हे मला ठाऊक नव्हतं. एवढा धोका मी पत्करला.

दोन दिवस मी काही बोलले नाही. मग विचारलं, "फिजिक्स कसं चाललंय?"

"फळ्याला चांगलं समजतंय," एकाने लिहिलं.

"म्हणजे?"

"मॅडम त्याच्याशीच बोलतात ना. आम्ही मध्ये बसलोय नुसते."

"डेरिव्हेशन सुरू झालं की मी डबा खातो," दुसरा म्हणाला. "संपेपर्यंत ताकही होतं."

"आणि म्हणतात, 'हे तर तुम्हाला येतंच.' मग हात कोण वर करणार? आईशप्पथ, मला नाही येत."

मी प्रयोगवही काढली आणि तारीख घालून सगळं उतरवलं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं, म्हणजे परिणाम कशाचा ते कळतं. पहिला आठवडा: दर तिसऱ्या ओळीला वर्गाकडे वळणे. दुसरा आठवडा: 'हे तर तुम्हाला येतंच' बंद. तिसरा: आवाज. दर शुक्रवारी पेन्सिल विचारायची आणि उत्तरं वहीत जायची. फेब्रुवारीच्या चाचणीत नापासांचा आकडा अडतीसवरून सव्वीसवर आला. चाचणी सोपी होती का, हेही मी तपासलं. नव्हती.

मार्चच्या मध्यावर ते वाक्य आलं. कोणी तरी लिहिलं: "प्राचार्यांच्या हातात बटण दिलं तर ते सूर्यसुद्धा चार वाजता बंद करतील."

त्याची प्रिंट कोणी काढली कोण जाणे, ती प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचली. लिहिणाऱ्याच्या नावापुढे मासाच होता. प्राचार्यांनी श्यामसुंदर सरांना बोलावलं, सरांनी चिंबोरीचं खरं नाव सांगितलं: सुचिता तांडेल, कॉम्प्युटरचं तिसरं वर्ष. तिला हुकूम झाला की कोणता मासा म्हणजे कोणतं मशीन याची पूर्ण यादी सोमवारपर्यंत द्यायची. नाही दिली तर टर्म मंजूर होणार नाही. टर्म मंजूर नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. वर्ष जातं.

त्या यादीत निवटीपुढे फिजिक्स-स्टाफ-१ येणार होतं. मुलांच्यात मूल होऊन बसलेली तात्पुरती शिक्षिका प्राचार्य एप्रिलपर्यंतसुद्धा ठेवणार नाहीत, हे उघड होतं. यादी दिली नाही तर मी वाचत होते आणि सुचिताचं वर्ष जात होतं.

मी तिला गच्चीच्या जिन्यात गाठलं. तिला मी पहिल्या वर्षाला शिकवलेलं नव्हतं. खाडीकाठच्या सारसोळ्याची, उंच, केसांना चापून तेल लावलेली मुलगी. वडापाव खात होती.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "यादी मी देनार नाय."

"वर्ष जाईल तुझं."

"माझा बाप म्हनतो, जाऊ दे. पन बाप इंजिनिअर नाय, त्याला काय जातंय बोलायला."

"यादी देऊ नकोस. फक्त माझं नाव दे. एकीचं नाव मिळालं की सर कदाचित थांबतील."

ती हसली. "तुमचं नाव सांगायला यादी कशाला पायजे? सगल्या पोरांना म्हाईत हाय."

मी जिन्याच्या कठड्याला हात लावला. तो गरम होता.

"पहिल्याच दिवशी तुमी मशीन बंद केलंत," ती म्हणाली. "पन ती ओळ आमच्या सगल्यांच्या पडद्यावर आलेली ना. दुसऱ्या दिवशी पेन्सिल परत आली, मासा घेऊन."

"मग मुलं तरीही लिहितात कशी?"

"मॅडम, लेकी बोले सुने लागे. पोरं पेन्सिलला सांगतात. मॅडमला कोन काय सांगतंय? कोनी नाय."

"मी दर शुक्रवारी 'मॅडम असं का करतात' म्हणून विचारत होते."

"हो, ते लई भारी वाटायचं," सुचिता म्हणाली आणि कागदाचा बोळा केला.

म्हणजे मला लपवण्यासारखं मुलांपासून काही उरलेलं नव्हतं. एकटे प्राचार्य राहिले होते. सोमवारी साडेदहाला मी त्यांच्या खोलीत गेले.

"सर, त्या यादीत मी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सूर्याचं तुम्ही लिहिलंत?"

"नाही. मी तिथे माझ्याबद्दल वाचते."

"काय वाचता?"

"मी फळ्याशी बोलते. डेरिव्हेशन लांबवते. असं बरंच. आकडे या वहीत आहेत." मी वही पुढे केली. त्यांनी ती सावकाश चाळली. चाचणीच्या निकालाच्या पानावर थोडं जास्त थांबले.

"आणि मुलं हे खरंच लिहितात? तुमच्याबद्दल?"

"हो, सर."

"तोंडावर?"

"जवळजवळ."

त्यांनी वही मिटली. "माझ्याबद्दल अजून काय आहे?"

"मी फक्त फिजिक्सचं वाचते, सर. यादी घेतलीत तर कोणीच काही लिहिणार नाही. मग आपल्याला परत फॉर्मच वाचावे लागतील."

फॉर्म त्यांनीही वाचलेले असावेत. ते म्हणाले, "त्या मुलीला पाठवून द्या. आणि तुमच्या नेमणुकीचं मी स्वतंत्रपणे बघतो."

सुचिता पाच मिनिटांत बाहेर आली.

"टर्म दिली," ती म्हणाली. तिचा चेहरा अतिशय गंभीर होता. "पन स्वतःसाठी मासा मागून घेतला."

"कोणता?"

"जिताडा दिला. खाडीत त्याच्याहून मोठा नाय."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत गेले तेव्हा मला धरून अकरा जण होते. बाराव्याची ओळ उमटली: विद्यार्थी आला आहे, जिताडा.खाडी.

"नमस्कार," विद्यार्थ्याने लिहिलं. "मी प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी आहे. सर्वांचे कसे काय चालले आहे?"

"ठीक सर," एकाने लिहिलं, आणि लगेच, "ठीक रे."

"भौतिकशास्त्राच्या मॅडम कशा शिकवतात?"

मी हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले. घड्याळात चाळीस सेकंद गेले. माझी नोकरी आता नऊ-दहा मुलांच्या टायपिंगवर होती आणि त्यात मला बोलता येत नव्हतं.

"आधी फळ्याकडे तोंड असायचं," एक ओळ आली. "आता वळतात. कधी कधी जास्तच वळतात, घेरी येते."

"मागच्या बाकावर ऐकू येतं आता. झोपेचे वांधे झालेत."

"डेरिव्हेशन अजून लांबच."

"काही समजलं नाही म्हटलं तर चिडत नाहीत, दुःखी होतात. त्यापेक्षा चिडलेलं परवडलं."

हे मला नवीन होतं. मी वही ओढली.

"म्हणजे त्यांना ठेवावे का?" विद्यार्थ्याने विचारलं.

मग चिंबोरी म्हणाली, "ठेवायचं आनि काढायचं आपल्या हातात कुठं हाय रे? आपन पहिल्या वर्षाची पोरं."

"पन विचारलंसच तर ठेव," तिनेच पुढे लिहिलं.

"ठेव," खाली आणखी एक आलं. मग एकेक करत सगळी. मी मोजली: पेन्सिल आणि विद्यार्थी सोडून आत दहा जण होते, आणि 'ठेव' दहा वेळा आलं.

"आभारी आहे," विद्यार्थ्याने लिहिलं आणि तो गेला.

एप्रिलमध्ये मला पत्र मिळालं: एक वर्ष मुदतवाढ, नेमणूक तात्पुरती. पत्रात कारण दिलेलं नव्हतं.

पत्र येण्याआधीच्या सोमवारी, वर्ग संपायला दहा मिनिटं असताना, तिसऱ्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, हे परत सांगाल?" ते मी दोनदा सांगितलेलं होतं. दुःखी होण्यापेक्षा चिडलेलं परवडलं, अशी वहीत नोंद होती, तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून, आवाज चढवून म्हणाले, "लक्ष कुठे होतं तुझं?"

तो मुलगा हसला, आणि मग सगळेच. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलने विचारलं, आज मॅडमना झालं तरी काय होतं?

"चिडायचा प्रयत्न करत होत्या," एकाने लिहिलं. "सवय नाही. येईल."