कुमारच्या कानातला इअरफोन

वायर दोनदा चिकटवलेली, एका टोकाचे रबर गेलेले, असा मी जुना इअरफोन आहे, मित्रांनो. निजामपुऱ्यातल्या एका टपरीवर कुमारने मला घेतले. कुमार कोन गावचा, कापड विणायचा लूम चालवणारा. दुपारच्या सुट्टीत तो आणि शेजारच्या लूमवरचा सादिकभाई माझे एकेक टोक कानात घालून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे. काय दिवस होते ते!

मग एक भाषणवाला आला. नाव नाही सांगत, उगाच त्याला भाव कशाला? "त्या लोकांवर भरोसा ठेवू नका," हेच त्याचे तुणतुणे. आधी त्याचे व्हिडिओ चहाच्या टपरीवर मोठ्याने वाजायचे. कोणी ऐकायचे, कोणी ओरडायचे, "काय बडबडतोय हा! बंद कर रे." पुढे त्याचे चॅनलच काढून टाकले. टपरीवरची माणसे आठवड्यात त्याला विसरली. बरेच झाले, खोटे कशाला बोलू? पण मी मेला संशयी! तो आवाज गेला कुठे?

कुमारच्या खिशात गेला होता. कुठल्याशा बंद ग्रुपवर भाषणे येऊ लागली आणि कुमार माझी दोन्ही टोके स्वतःच्याच कानांत कोंबू लागला. आता "बंद कर" म्हणणारे कोणी नव्हते. सादिकभाईबरोबरचा चहा सुटला. एके दिवशी कुमारने शेठकडे शिफ्ट बदलून मागितली. बारा वर्षांची जोडी तुटणार होती, आणि ते विष माझ्याच वायरीतून जात होते. मला फार लाज वाटली.

पण लूमच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसे ओठ पाहून बोलणे ओळखतात, हे कुमार विसरला. तो व्हिडिओ पाहत होता आणि मागे सादिकभाई उभा होता.

"भरोसा ठेवू नका बोलतोय ना?"

कुमार दचकला. "तुला कसं कळलं, भाई?"

"ओठ वाचले. माझ्याबद्दल हाय, तर मला पण ऐकव." सादिकभाईने माझे एक टोक ओढून स्वतःच्या कानात घातले. सगळे भाषण ऐकले. "बोल, यातलं मी काय केलं?"

"तू न्हाय, भाई. बाकीचे."

"बाकीचे कोण? एक नाव सांग."

कुमारने व्हिडिओ बंद केला. त्याने शिफ्ट बदलली नाही. ग्रुप मात्र अजून मोबाइलमध्ये आहे, म्हणून माझा संशयही गेलेला नाही.

मित्रांनो, मला जपा, माझी वायर ओढू नका. आणि तुमचे कोणी माझी दोन्ही टोके कानांत घालून गप्प गप्प राहू लागले, तर त्याच्या शेजारी बसा. एक टोक मागून घ्या.