घामाची रेघ

संघ कुठला चांगला, हे मला विचारा. टीव्हीवरच्या त्या टायवाल्यांना विचारू नका. ते फलकावरचे आकडे बघतात, मी फरशी बघते. बावीस वर्षं या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये कोर्ट पुसतेय. खेळाडू पडला, घाम सांडला, पंचांनी शिट्टी मारली की लांब दांड्याचं फडकं घेऊन पळायचं, पुसायचं आणि मुकाट्यानं स्टुलावर येऊन बसायचं. कामावर असताना कुणाची बाजू घ्यायची नाही, असा नियमच आहे. तोंड बंद ठेवणं मला किती जड जातं, ते आमच्या घरी कुणालाही विचारा.

आमचा संघ या मोसमात एकोणीस सामने हरला होता. पण फरशी? चिंब! सुटलेल्या चेंडूवर एकेक जण असा झेपावतो की बादली लवंडल्यासारखं वाटतं. आमचा कॅप्टन, मी त्याला खांब म्हणते, अडतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, तरी सगळ्यात जास्त तोच पडतो. गेल्या वर्षीचे विजेते खेळायला आले की त्यांच्या बाजूला मला कामच नसतं. चेंडू बाहेर चालला तर ते उभ्या उभ्या त्याला निरोप देतात.

हे सगळं मला नातीला दाखवायचं होतं. लेकीची लेक, नऊ वर्षांची. राहते विहीणबाईंच्या घरी, आणि विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा संघ दरवर्षी बदलतो. जो पहिला, तो त्यांचा. यंदा त्यांनी पोरीला विजेत्यांची जर्सी आणली. वर मलाच म्हणतात, "हरणाऱ्यांसाठी घसा कशाला बसवून घ्यायचा, विहीणबाई?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर पोर त्यांच्या हाताखाली, माझ्या वाट्याला हा एकच सामना. आज ती आमची झाली नाही तर पुन्हा कधी व्हायची नाही.

सामना त्याच विजेत्यांशी. नात आणि विहीणबाई, दोघी पहिल्या रांगेत बसल्या. पोरीच्या अंगात ती नवीकोरी जर्सी.

शेवटचे सात सेकंद उरले. आम्ही एका गुणानं मागे. चेंडू सुटला आणि खांबानं अंग टाकलं! पोटावर घसरत गेला, चेंडूला हात घातला, तो समोरच्याच्या पायाला लागून बाहेर. आमचा चेंडू! शिट्टी झाली. मी धावले आणि बघते तर काय, फरशीवर घामाची ही एवढी लांब रेघ! तिच्यावर दोन माणसं एकापुढे एक झोपली असती. बावीस वर्षांत अशी रेघ पाहिली नव्हती.

आता मी पुसायचं की नाही? पण कुठलं काय! मी फडकं उभं धरलं आणि बोट दाखवत नातीकडे बघून ओरडले, "बघ! ही बघ! त्यांच्याकडे आहे का अशी?"

नात टाचा उंचावून बघायला लागली. विहीणबाईंनीसुद्धा चष्मा सारखा केला. पंच खेकसले, "बाई, आटपा!" मी दचकले आणि तशीच पळत बाजूला आले. स्टुलावर टेकले तेव्हा कळलं, फडकं कोरडंच होतं.

तोवर खेळ सुरू झाला होता. पास खांबाकडे आला, तो वळला, पाय नेमका रेघेवर पडला आणि आमचा खांब आडवा. वेळ संपली. विसावा पराभव, आणि तो माझ्यामुळे.

वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात हॉलचे मॅनेजर तरातरा आले. "इथे पुसलं होतं की नाही?"

मी तोंड उघडणार तोच खांब बसल्या जागेवरून म्हणाला, "पुसलं होतं. माझाच पाय अडखळला. वय झालं."

फुकटची दया मला नाही सोसत. "खोटं बोलतोय मेला!" मी म्हटलं. "मी पुसलं नाही. चूक माझी."

"मावशी, तुम्ही गप्प बसा. चूक माझी आहे."

"तुझी कशी?" पास देणारा बुटका पुढे आला. "पास मी वाकडा दिला!"

"डाव कुणी आखला होता?" प्रशिक्षक कडाडले. "मी! मग चूक तुमची कशी होईल?"

कुणी माघार घेईना. मॅनेजर कपाळाला हात लावून उभे. पलीकडे विजेतेही भांडत होते, फोटोत मधोमध कोण उभं राहणार यावरून. एक म्हणे मी चोवीस गुण केले, दुसरा म्हणे माझ्याच पासवर केलेस ना!

नात केव्हा कोर्टावर आली, कळलं नाही. तिनं एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे, आणि थेट खांबापुढे उभी राहिली. "आजीनं पुसलं नव्हतं, मी पाहिलं. तुम्ही खोटं का बोललात?"

खांबानं कान खाजवला. "मी इतका पडतो, पण तुझ्या आजीनं कधी कुरकुर केली नाही."

"रोज करते," मी म्हटलं.

"मला तुमची जर्सी द्याल?" नातीनं विचारलं.

"अगं, हरले ते!" विहीणबाई मागून ओरडल्या. "आणि घामट किती आहे ती!"

खांबानं जर्सी काढून दिली. पोरीनं ती आपल्या जर्सीवरून चढवली. घोट्यापर्यंत आली, आणि खाली टपटप थेंब पडायला लागले. बावीस वर्षांची सवय, माझं फडकं आपोआप पुढे गेलं.

"आजी!" ती किंचाळली. "पुसू नकोस!"