फुकटचे कान

तरणतलावावरची मुलं तिला मासोळीबाई म्हणायची. शिट्टीशिवाय पोहायला शिकवणारी बाई त्यांनी आणखी कुठे पाहिली नव्हती. ती हातांनी शिकवायची. तळवा वर म्हणजे श्वास घे, मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे पाय मार, लेका, पाय मार. लहानपणीच्या तापात तिचं निम्म्याहून जास्त ऐकणं गेलं होतं आणि उरलेलं कानातल्या यंत्राच्या भरवशावर चालायचं. तलावावर जाताना ते यंत्र ती घरी डबीत ठेवून जायची. पाण्यात ते भिजण्याची भीती, आणि खरं सांगायचं तर तिथली ती निळसर, हलती शांतता तिला आवडायचीही.

घरी आल्यावर ती ब्लॉग लिहायची. त्याचं नाव ‘कानगोष्टी’. कोणतं यंत्र कानामागे टोचतं, कोणतं वाऱ्यात किंचाळतं, कोणतं घातलं की जेवताना आपलंच चावणं डोक्यात घुमतं, हे ती अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं सांगायची. यंत्र विकत घेतलेलं असो, दुकानातून चार दिवसांसाठी मागून आणलेलं असो, ते ती लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकायची. वाचणारे बहुतेक वयस्क. मासोळीबाईनं बरं म्हटलं की ते यंत्र ते डोळे मिटून विकत घ्यायचे.

एके दिवशी एका कंपनीकडून पार्सल आलं. आत बदामाएवढी दोन यंत्रं होती. सोबत कंपनीतल्या एका मुलीचा निरोप : वापरून पाहा, आवडलं तर लिहा, यंत्र तुमच्याकडेच ठेवा.

तिनं ती सकाळीच कानात घातली आणि खुर्चीत बसून राहिली. पडदा खिडकीच्या चौकटीला घासत होता. त्यालाही आवाज असतो, हे ती विसरूनच गेली होती. कपात चहा ओतताना सूर हळूहळू चढत जातो आणि कप भरला की थांबतो. तिनं तो चहा परत भांड्यात ओतला आणि पुन्हा कपात ओतला. मग स्वयंपाकघरातून कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्याचं तिला ऐकू आलं. ती दारात जाऊन उभी राहिली. नवरा कांदा चिरत होता आणि बाजूच्या बटाट्याला म्हणत होता, “थांब जरा, तुझाही नंबर येणार आहे.”

“तू भाजीशी बोलतोस?”

तो दचकला. “लग्नाआधीपासून. तुला आत्ता कळतंय?”

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून आलेला, मुळातच मऊ आवाजाचा माणूस. तिच्यासाठी तो इतकी वर्षं मोठ्यानं बोलत आला होता, आणि त्या मोठ्या बोलण्याखाली त्याचं हे दुसरं, पुटपुटतं बोलणं वाहत होतं. पुढचे काही दिवस ती घरात तरंगतच होती. जिन्यावरची पावलं, दिव्याच्या बटणाची टिचकी, उशीवर कूस बदलताना होणारी खसखस. ती मध्येच काम सोडून थांबायची आणि नवरा हसायचा.

तिनं लेख लिहिला. असा लेख तिच्या हातून आजवर उतरला नव्हता. कंपनीतल्या मुलीला तो दाखवला, तेव्हा तिनं फार गोड भाषेत एवढंच सुचवलं : ‘भेट मिळालं’ ही ओळ असली की लोकांना उगाच शंका येते. तुमचा अनुभव तर खरा आहे ना?

अनुभव खराच होता. मासोळीबाईनं ओळ काढली.

ब्लॉगवर टाकण्याआधी नवऱ्यानं सवयीनं नजर फिरवली. “वरची ओळ गळलीय.”

“गळली नाही. काढलीय.”

त्यानं चष्मा पुसला आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. तिच्या मनात कुठेतरी टोचलं, पण तेवढ्यात खिडकीबाहेर पारव्याचे पंख फडफडले आणि ती तिकडे ऐकत राहिली.

लेख खूप लोकांपर्यंत गेला. मग एका दुपारी तलावावर एक धिप्पाड माणूस आला. हातावर भाजल्याचे जुने डाग, मुठीत तसलीच बदामाएवढी यंत्रं. एका वसतिगृहात तो आचारी होता. तोही ऐकू न येणारा, त्यामुळे दोघं एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलू लागली.

“तुमचं वाचून घेतलं,” तो म्हणाला. “घरी झकास चालतं. कामावर डोकं उठवतं. तुम्ही इथे घालता का?”

“नाही. पाणी असतं ना.”

“मग गर्दीत कुठे घालून पाहिलंत?”

मासोळीबाई आठवू लागली. घर, तलाव, घर. वाटेत ती गल्लीबोळातून चालत यायची. तिच्या आयुष्यात गोंगाट असा नव्हताच. जिथे होता, तिथे ती यंत्र काढून ठेवायची. 

“उद्या तुमच्या भटारखान्यात येऊ का?” तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र घालून ती तिथे गेली. वाफेनं सगळं पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात माणसं ढगांतून यावीत तशी येत होती, जात होती. पंखा, परात, नळ, शेगडी, हाका, सगळ्यांचा मिळून एकच गर्जणारा गोळा तिच्या कानात शिरला. घरात पडद्याची सळसळ ऐकवणारं यंत्र इथे एक शब्द सुटा करून देईना. ती गांगरून मध्येच उभी राहिली. एकदम कुणीतरी तिची बाही धरून तिला खेचलं. ती जिथे उभी होती तिथून उकळतं पातेलं घेऊन दोघं जण गेले.

“ते ‘गरम, गरम’ ओरडत येत होते,” आचारी म्हणाला. “तुम्हाला आलं ऐकू?”

तिनं मान हलवली. नाही.

बाहेर पायरीवर त्यानं तिला पाणी दिलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “फुकट मिळालं होतं का हो?”

“हो.”

“तेवढं लिहिलं असतंत,” तो जराही न चिडता म्हणाला, “तर मी आणखी एकदा विचारलं असतं. बस्स, एवढंच.”

त्याच्या न चिडण्यानंच ती जास्त खजील झाली. घरी जाऊन तिनं नवा लेख लिहिला. यंत्र भेट आलं होतं, ते सांगणारी ओळ मी माझ्या हातानं काढली, कुणी जबरदस्ती केली नाही. शांत घरात ते अप्रतिम आहे. गोंगाटात घालून मी पाहिलंच नव्हतं, कारण मी त्याच्यावर भाळले होते. आता पाहिलं आहे. ज्यांना मागून आलेली हाक कळायलाच हवी, त्यांनी घेऊ नये.

कंपनीतल्या मुलीचं उत्तर नम्र होतं. आमची योजना ज्या लेखासाठी होती तो आता राहिला नाही, तेव्हा यंत्र परत पाठवावं. मासोळीबाईनं लगेच होकार कळवला आणि आचाऱ्याचंही परत घ्या म्हणून मागे लागली. बरीच टोलवाटोलवी झाली, पण शेवटी कंपनीनं ते घेतलं. ब्लॉगवर काहींनी तिला विकली गेलीस म्हटलं, काही जण न बोलता निघून गेले. एका आजींनी मात्र लिहिलं, “मी घराबाहेर पडतच नाही गं. म्हणजे माझ्यासाठी चांगलं दिसतंय. घेते.” ते वाचून तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

कुरिअरवाला यंत्र न्यायला संध्याकाळी येणार होता; तोवर ते तिच्या कानातच होतं. दुपारी नवरा लवकर घरी आला. पुस्तक घेऊन खिडकीशी बसला आणि नेहमीप्रमाणे तिच्यासाठी मोठ्यानं वाचू लागला.

“असं नको,” ती त्याच्याजवळ सरकली. “मी नसताना वाचशील तसं वाच.”

त्यानं आवाज उतरवला. इतका, की तो ओठांच्या आतच राहतोय असं वाटावं. मध्येच तो अडखळत होता, एखाद्या शब्दाशी हलकेच हुज्जत घालत होता, वेलांटी चुकलीय म्हणून चुकचुकत होता आणि पुढे जात होता. गोष्ट काय होती ते तिच्या फारसं लक्षात राहिलं नाही. ती डोळे मिटून नुसता त्याचा आवाज ऐकत पडली. ऊन फरशीवरून भिंतीवर चढत गेलं. दाराची घंटा वाजली तेव्हा दोघांनाही उठावंसं वाटलं नाही.

“हे पान संपवू दे,” तो पुटपुटला.

“संपव,” ती म्हणाली.