वरचा आकडा, खालचा आकडा

सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर होते. चौऱ्याऐंशी.

व्हरांड्यात पंचवीसएक माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून उभी होती. काचेपलीकडे सहा काचपेट्या, त्यांत दिवस भरण्याआधीच जन्मलेली सहा बाळं. तिसऱ्या पेटीशेजारी पांढरी शाल पांघरलेला पन्नाशीचा माणूस. लोक त्याला श्वासमहाराज म्हणत.

महाराजांनी हात वर केला. व्हरांडा चिडीचूप. मग त्यांनी मॉनिटरवरचं एक बटण दाबलं, शाल पेटीवर पसरली, तिच्याखाली दोन्ही हात घातले आणि डोळे मिटले. आकडा गेला. पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा.

"जुना श्वास गेला," महाराज दाराच्या फटीतून ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, आणि लांबलचक फुंकर मारली.

अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. सत्त्याण्णव.

एका आजोबांनी काचेला कपाळ टेकवलं. दोन बाया रडायला लागल्या. महाराज बाहेर आले ते घाम पुसत, जणू विहीर खणून आलेत.

"मी माझा श्वास बाळाला दिला. आता सात दिवस आईने हात लावायचा नाही. आई म्हणजे चिंता. चिंतेचा हात लागला की श्वास फुटतो."

थाप मारायची तर गोड आवाजात मारावी, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि श्वास काय फुटायला मडकं आहे? पण हे विचारणार कोण? विचारणाऱ्याचं बाळ आत, आणि तो बाहेर.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पाचव्या पेटीत होती. सातवा महिना लागतो न लागतो तोच आलेली, किलोभर वजनाची. अशी बाळं झोपेत श्वास घ्यायचंच विसरतात. तळव्याला टिचकी मारली की त्यांना आठवतं. हे मला डॉक्टरांनी नाही, एका सिस्टरने सांगितलं. डॉक्टर काचेमागून जायचे आणि यायचे. त्या रुग्णालयाचा नियम असा, की आईबापांनी दिवसातून दहा मिनिटं काचेतून बघायचं आणि घरी जायचं. काचेतून दिसतं काय? एक मोठा निळा आकडा. रक्तात प्राणवायू किती, ते सांगणारा. शंभरच्या जवळ असला की घरी जेवण जातं, खाली आला की जात नाही. वीस वीस दिवस माणसं त्या आकड्याकडे बघत बसतात. मग कोणी तो आकडा वर नेऊन दाखवला, तर त्याच्या पायावर पडणार नाहीत तर काय करतील?

दुपारपाळीची ही सिस्टर मात्र वेगळ्या मातीची होती. गेले तीन दिवस तिने नियम गुंडाळून बहिणीला आत घेतलं. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, बाळाला तिच्या उघड्या छातीवर झोपवलं, वरून पांघरूण घातलं.

"वरचा आकडा सगळे बघतात," सिस्टर तिला म्हणाली होती. "तू खालचा बघायला शीक. तो ठोक्यांचा. तुझं काळीज मिनिटाला ऐंशी वेळा उडतं, हिचं दीडशे. आणि कान उघडे ठेव. यंत्र प्रत्येक ठोक्याला टिक करतं."

तीन दिवस, तीन तीन तास, बहिणीने लेक छातीवर घेऊन ती टिकटिक ऐकली.

आणि चौथ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी महाराजांना बोलावलं.

"आई, सिस्टर सांगतात, छातीशी धरलं की श्वास बरा चालतो," बहीण म्हणाली.

"सिस्टरला पगार मिळतो. महाराजांना काय मिळतं?"

"पाकीट मिळतं, मावशी," मी म्हणालो. "जाड असतं. मी बघितलंय."

"तू मोटारी भर बाबा. तारा गुंडाळण्याइतकं सोपं नाही ते."

माझा धंदा पंपाच्या जळक्या मोटारी भरायचा, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचा, ते खरं. पण त्याच धंद्यामुळे मला एक गोष्ट खुपत होती. महाराजांनी ते बटण न बघता दाबलं होतं. न बघता बटण तोच दाबतो, ज्याने ते हजारदा दाबलेलं असतं.

मेहुणे दोघींच्या मध्ये उभे होते, बूट बघत. "आईचं मन राहील," एवढंच म्हणाले. आईचं मन राहील. लेकीचं काय राहील ते कोणी बोललं नाही.

दुपारी दोन. या वेळी सिस्टरांची पाळी बदलते, पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या मागच्या खोलीत कागदपत्रं करतात. नेमक्या त्याच पंधरा मिनिटांत महाराजांना दार उघडं, कारण एका विश्वस्ताची गुडघेदुखी त्यांनी म्हणे घालवली होती. ज्या दारातून जन्मदात्या आईला प्रवेश नाही, त्या दारातून हा माणूस चपला घालून आत गेला.

हात वर. बटण. शाल. दोन आडव्या रेघा. फुंकर.

नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या वाईट नव्हत्या, भ्यालेल्या होत्या.

बहीण आकड्याकडे बघतच नव्हती. मान तिरकी करून ऐकत होती.

"दादा, टिकटिक हळू झालीय."

मी ऐकलं. दाराच्या फटीतून येत होती. टिक. टिक. टिक. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जरा जलद, एवढीच.

"खालचा बघ," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर. दादा, ते माझ्या लेकीचं काळीज नाही. हे कुठल्या तरी बाप्याचं आहे."

सासूबाईंनी तिचा दंड धरला. "हात लावायचा नाही, ऐकलंस ना?"

तिने दंड सोडवून घेतला. दारात रखवालदार आडवा झाला, त्याला मी बाजूला केलं. कसं ते लिहीत नाही. बहीण सरळ पेटीपाशी गेली आणि तिने शाल ओढली.

बाळाच्या पायाला आकडा मोजणारी जी लाल दिव्याची पट्टी असते, ती महाराजांच्या तर्जनीला गुंडाळलेली होती. लाल उजेड त्यांच्या नखातून बाहेर पडत होता. दुसरा हात पेटीबाहेर, प्राणवायूच्या नळीच्या चावीवर. आणि बाळ शिशाच्या रंगाचं. छाती हलत नव्हती.

बहिणीने महाराजांकडे पाहिलंसुद्धा नाही. हात आत घातला, तळव्याला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा. काही नाही. पाठ चोळली. आतून सिस्टर हातात श्वास द्यायचा फुगा घेऊन धावत आली, तोवर तिसरी टिचकी बसली होती. बाळाची छाती एकदम वर आली आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक, चिडका आवाज निघाला.

सिस्टरने महाराजांच्या बोटावरून पट्टी काढली, बाळाच्या पायाला लावली. एकसष्ट. सगळ्यांनी पाहिलं. खरा आकडा एकसष्ट होता. मग सत्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव. खाली एकशे अठ्ठेचाळीस. टिकटिक घोड्यासारखी धावायला लागली.

"हात न धुता आलीस," सिस्टर बहिणीला म्हणाली. पण तिला बाजूला केलं नाही.

महाराज दाराकडे सरकत होते. "चिंतेचा हात लागला, म्हणून बाळ निळं पडलं."

"निळं आधी पडलं, हात नंतर लागला," मी म्हणालो. "कुठे दुरुस्त करायचात ही यंत्रं?"

त्यांचा चेहरा उतरला. पुढे पोलिसांसमोर कबूल केलं: आठ वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करत फिरले होते.

सिस्टरने मग एक शहाणपणाचं काम केलं. जादा मॉनिटर व्हरांड्यात आणला आणि सगळ्यांसमोर सासूबाईंचं बोट मागितलं. अठ्ठ्याण्णव. खाली ब्याण्णव.

"बघा आजी, तुम्हालाही सिद्धी आली."

मेहुण्यांचे सत्त्याण्णव. आजोबांचे शहाण्णव. दिवसभर सिगरेट फुंकणाऱ्या रखवालदाराचेही पंच्याण्णव. सगळा व्हरांडा महाराज झाला.

"हे बटण दाबलं की धोक्याची घंटा दोन मिनिटं मुकी होते," सिस्टर म्हणाली. "म्हणून यांचं ध्यान बरोब्बर दोन मिनिटांचं. आणि जाताना हा माणूस प्राणवायू वाढवून जायचा, म्हणजे मागेही आकडा वर राहावा. रोज दुपारी वाढलेला सापडायचा, आम्ही एकमेकींवर रागवायचो. एवढ्याशा बाळांना जास्त प्राणवायू दिला की डोळे जातात."

तिसऱ्या पेटीतल्या बाळाची आई खाली बसली. तिला कोणी उठवलं नाही. त्या बाळाचे डोळे तपासणार आहेत. काय निघेल ते आज कोणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, दाराला मजबूत कुलूप बसवू. मी म्हणालो, साहेब, महाराज कुलपानेच मोठा केला. आत काय चाललंय हे ज्याला दिसत नाही, तो भ्यालेला माणूस बाहेर कोणाच्याही पायावर डोकं ठेवतो. दार आईबापांना उघडा. तुमच्या सिस्टरांना मोजायला सहा बाळं आहेत, आईला एकच आहे. काल चोर तुमच्या यंत्राने पकडला नाही, तीन दिवस शिकलेल्या एका आईने पकडला.

पाचव्या दिवशी दार उघडलं. आता मेहुणे कामावरून येतात, शर्ट काढतात आणि लेक छातीवर घेऊन दोन तास हलत नाहीत.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्यांना, एकच सांगणं. बाळ लवकर आलं तर आत जायचा हट्ट धरा, हात धुवा, बाळाला छातीशी घ्या, यंत्रावरचा प्रत्येक आकडा कशाचा ते विचारा, लाजू नका. फुंकर मारणारा भेटला तर त्याला आधी खालचा आकडा विचारा. काल सासूबाई कोपरापर्यंत हात धुऊन आत गेल्या. वरच्या आकड्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"खालचा किती गं?" त्यांनी सुनेला विचारलं.